फुलदाणीतला तहानलेला गुलाब

'गुलाब' हा शब्द तुम्ही उर्दूत बोलता आणि मराठीतही बोलता. शब्द मूळचा फारसी. 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. फारसीत गुलाब म्हणजे फुलाचे सुगंधी पाणी. आपल्याकडे येता येता हे नाव पाण्यावरून उठून फुलावर जाऊन बसले. मग पाण्यासाठी आपल्याला पुन्हा 'गुलाबपाणी' असा शब्द करावा लागला. त्यात पाणी दोनदा आले, हे आपल्या लक्षातही येत नाही!

ज्या फुलाच्या नावातच पाणी आहे, ते फूल घरी आणल्यावर मात्र बहुधा तहानेने मरते. तेही पाण्याने भरलेल्या भांड्यात उभे राहून. हे मला पुस्तकातून कळले नाही. माझ्या हातून एक चूक झाली, म्हणून कळले.

चंद्रपूरच्या आमच्या शाळेत एक शिपाई होते. मुले त्यांना चाचा म्हणत. शाळेची घंटा त्यांच्या हाताखाली इतकी वर्षे वाजली, की काही मुलांच्या वडिलांनीही तीच घंटा ऐकून दप्तर उचलले होते. 30 एप्रिलला चाचा निवृत्त होणार होते. मुलांनी आपापल्या खाऊच्या पैशांतून पाच-पाच, दहा-दहा रुपये जमवले आणि माझ्या हाती दिले. "सर, चाचांना लाल गुलाबांचा गुच्छ द्यायचा," असा त्यांचा हुकूम होता. मी आदल्या दिवशी संध्याकाळी बाजारातून लांब दांड्यांचे एकवीस गुलाब आणले. सकाळी धावपळ नको, हा विचार.

फुले मी शाळेतच ठेवली. फरशी पुसायची बादली रिकामी होती. तिच्यात नळाचे पाणी भरले आणि गुच्छ जसा बांधून आणला होता तसाच, दोऱ्यासकट आणि प्लॅस्टिकसकट, तिच्यात उभा केला. चंद्रपूरचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको. दुपारी पारा 43-44 अंशांवर जातो आणि रात्रीही भिंती तापलेल्या असतात. फुलांना वारा लागावा म्हणून मी पंखा चालू ठेवला. खोलीच्या कोपऱ्यात एका शिक्षकांनी घरी नेण्यासाठी आणलेली आंब्यांची पेटी होती. तिच्याकडे माझे लक्षही गेले नाही.

सकाळी आठ वाजता दार उघडले, तर एकवीसच्या एकवीस गुलाबांनी माना टाकल्या होत्या. बादलीत पाणी होते, दांडे पाण्यात होते आणि फुले कोमेजलेली. कार्यक्रम अकरा वाजता. मुलांना काय सांगायचे? नवी फुले आणावीत तर तेवढे पैसे नव्हते, आणि पैसे घातले असते तरी मुलांची फुले ती मुलांची फुले.

मी बादली उचलून फूलवाल्या मावशींकडे गेलो. त्यांनी एक दांडा बाहेर काढला, त्याचे टोक बोटाने चाचपून पाहिले, वास घेतला आणि म्हणाल्या, "सर, फुलाले पाणी भेटलं, पण त्याच्या गळ्यात गेलंच नाही."

शास्त्राच्या पुस्तकात जे दोन पाने घेते, ते मावशींनी एका वाक्यात सांगितले. ते नीट समजून घेऊ.

गुलाबाच्या दांड्यात केसाहूनही बारीक अशा असंख्य नळ्या असतात. त्यांना जलवाहिन्या म्हणतात. निशिगंधाची पांढरी काडी लाल शाईच्या पाण्यात ठेवून पाकळ्यांवर लाल रेषा उमटलेल्या तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. त्या रेषा म्हणजे या नळ्यांची वाट. पण हे पाणी वर चढते कसे? दांड्यात पंप नाही. पानांच्या खालच्या बाजूला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जाते. याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. वरून जेवढे पाणी उडते, तेवढे खालून ओढले जाते. झाडे पानांवाटे किती पाणी बाहेर टाकतात, हे इंग्लंडच्या स्टीफन हेल्स यांनी मोजले आणि 1727 साली आपल्या ग्रंथात लिहिले. एवढ्या उंचीपर्यंत पाण्याची धार तुटत कशी नाही, हे कोडे पुढे दीडशेहून अधिक वर्षे राहिले. 1894 मध्ये डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी सांगितले, की पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे नळीतले पाणी एखाद्या दोरीसारखे वर ओढले जाते.

दोरी म्हटली की ती तुटूही शकते. तुम्ही नळीने सरबत पिता. नळीला वर एखादे भोक असले तर कितीही ओढा, तोंडात हवाच येते. गुलाबाचे तसेच होते. झाडावरून दांडा कापला, की वरची पाने पाणी ओढतच राहतात. खाली पाणी नसते, म्हणून नळीत हवा शिरते. हवेचा बुडबुडा अडकला, की त्या नळीतून पाणी वर जाणे थांबते. आपल्या भागात मिळणारे लांब दांड्यांचे गुलाब बहुतेक बाहेरचे. पुण्याकडच्या मावळात आणि तळेगावच्या परिसरात ते हरितगृहांत पिकवतात. बंगळूरूकडूनही येतात. मोठ्या शहरांच्या फूलबाजारांतून ते आमच्या चंद्रपुरात उतरतात. एवढ्या प्रवासात दांड्याचे टोक कितीतरी तास कोरडे राहते. ते टोक तसेच पाण्यात ठेवणे म्हणजे बूच लावलेली बाटली नळाखाली धरणे. मी तेच केले होते.

दुसरे बूच माझ्या बादलीनेच दिले. फरशी पुसण्याच्या बादलीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. उबदार पाण्यात ते झपाट्याने वाढतात. पाण्यात बुडालेली पाने कुजू लागली, की त्यांना आयते खाद्य मिळते. जिवाणू आणि त्यांचा चिकट पदार्थ नळ्यांच्या तोंडाशी साचतो आणि वाट बंद होते. फुलदाणीत हात घातल्यावर दांडा बुळबुळीत लागतो ना? तो हाच थर. मावशींनी वास घेऊन पाहिला तो यासाठीच.

मग मान का वाकते? फुलाच्या लगेच खालचा दांडा सर्वांत कोवळा असतो. खालच्या भागाला लाकडाचा कणखरपणा येतो, वरचा भाग केवळ पाण्याच्या भरीवपणावर ताठ राहतो. पाणी कमी पडले, की आधी तोच भाग लवतो. फारच लहान कळी तोडली असेल तर मान आणखी लवकर पडते. म्हणून गुलाब विकत घेताना अगदी घट्ट कळी घेऊ नये आणि पूर्ण उमललेले फूलही घेऊ नये. कळीखालची हिरवी दले खाली वळली आहेत आणि बाहेरची एक-दोन पाकळी सुटू लागली आहे, असे फूल घ्यावे.

आता मावशींनी काय केले ते सांगतो. त्यांनी गुच्छाचा दोरा सोडला. खालची पाने काढून टाकली. एका स्वच्छ टोपल्यात पाणी घेतले, दांड्यांची टोके पाण्याखाली धरली आणि धारदार पात्याने प्रत्येक टोक दोन बोटे तिरपे कापले. (हे काम मोठ्या माणसानेच करावे. ओल्या हातातून पाते सटकते.) पाण्याखाली कापल्यामुळे नळीत नव्याने हवा शिरत नाही, पाणीच शिरते. तिरपे कापल्यामुळे टोक भांड्याच्या तळाशी चपटे बसत नाही. कात्रीने मात्र दांडा चेपतो आणि नळ्या दबतात, म्हणून पाते बरे. मग त्यांनी पाच-पाच फुले माना सरळ करून वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळली आणि गळ्यापर्यंत येईल एवढ्या कोमट पाण्यात सावलीत ठेवली. कागदामुळे मान सरळ राहते आणि पाने वारा खात नाहीत. कोमट पाणी थंड पाण्यापेक्षा नळ्यांतून सहज चढते. एप्रिलमध्ये आमच्या टाकीचे पाणी सकाळी आपोआपच कोमट असते. दुपारी तेच पाणी हाताला चटका देते. तसले पाणी घेऊ नका.

पावणेअकराला कागद सोडले. चौदा गुलाब ताठ उभे होते. सात गेले ते गेलेच. चौदा फुलांचा गुच्छ चाचांच्या हाती देताना मी मुलांना खरे काय ते सांगून टाकले. मुले हसली. चाचा हसले नाहीत. त्यांनी गुच्छ छातीशी धरला आणि मला हळूच विचारले, "सर, हे घरी किती दिवस टिकतील?"

त्यांच्या घरी फ्रिज नव्हता. फुलांचे व्यापारी गुलाब दोन ते चार अंश तापमानात ठेवतात, कारण थंडीत फुलाचा श्वास मंद चालतो आणि साठवलेली साखर पुरवून पुरवून वापरली जाते. पण तो उपाय चाचांच्या कामाचा नव्हता. मग आम्ही दोघांनी बसून, त्यांच्या घरात जे आहे त्यावर विचार केला.

पहिला प्रश्न भांड्याचा. चाचांकडे बांबूची एक सुंदर फुलदाणी होती. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत बांबूचे काम करणारे हात अनेक आहेत. पण बांबूच्या पेराची आतली बाजू खरबरीत असते. ती घासून पूर्ण स्वच्छ होत नाही आणि जिवाणू तिच्यात घर करतात. त्यावर तोड सोपी निघाली. बांबूच्या आत काचेचा ग्लास बसवायचा आणि पाणी ग्लासात भरायचे. ग्लास साबणाने घासून, चांगला धुऊन घ्यायचा. पाण्यात लिंबू पडणार असेल तर जस्ताचे किंवा तांब्याचे भांडे नको, कारण आंबट पाण्यात धातू विरघळतो.

दुसरा प्रश्न खाण्याचा. झाडावर असताना पाने अन्न तयार करतात आणि फुलाला पुरवतात. तोडल्यावर तो पुरवठा बंद होतो. म्हणून पाण्यात थोडी साखर घातली तर कळी नीट उमलते आणि रंग टिकतो. 'गुलकंद' हा शब्द आठवा. तोही फारसीच. 'गुल' आणि 'कंद', म्हणजे फूल आणि साखर. पण इथे बहुतेक लोक फसतात. नुसती साखर घातली, तर फुलाच्या आधी जिवाणूच मेजवानी करतात आणि नळ्या दुप्पट वेगाने बंद होतात. साखरेबरोबर जिवाणूंना आवर घालणारे काहीतरी हवेच. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा साखर, चहाचे दोन चमचे लिंबाचा रस आणि चहाचा अर्धा चमचा कपडे पांढरे करण्याचे पातळ ब्लीच, असे प्रमाण घरी चालते. लिंबामुळे पाणी आंबट होते. आंबट पाण्यात जिवाणू कमी वाढतात आणि असे पाणी दांड्यातून वर चढतेही चांगले. ब्लीच आधी भरपूर पाण्यात मिसळावे आणि लिंबू त्यानंतर घालावे. ब्लीच आणि लिंबाचा रस पाण्याशिवाय एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. हे पाणी कोणी चुकून पिणार नाही, अशा ठिकाणी ठेवावे. घरात ब्लीच नसेल तर साखरेच्या वाटेला जाऊच नये. साधे स्वच्छ पाणी रोज बदलावे, भांडे रोज घासावे आणि एक दिवसाआड दांड्याचे टोक पुन्हा थोडे कापावे. माझ्या मते, ज्याला रोज पाणी बदलण्याचा कंटाळा नाही त्याला साखर-लिंबाची गरजच नाही.

लोक पाण्यात नाणे टाकायला सांगतात. तांब्यामुळे जिवाणू मरतात, ही त्यामागची कल्पना. पण आपली आजची नाणी तांब्याची नाहीत. रुपयाचे नाणे तर पोलादाचे असते. त्यामुळे रुपया पाण्यात पडून राहतो आणि फुलाला काही मिळत नाही. डोकेदुखीची गोळी टाकणारेही आहेत. ती डोक्यालाच लागू पडते म्हणायचे!

तिसरा प्रश्न जागेचा, आणि चंद्रपुरात हाच सर्वांत मोठा. ताडोबाच्या रस्त्याने उन्हाळ्यात गेलात तर सागाची झाडे उघडीबोडकी दिसतात. ती वाळलेली नसतात. जमिनीत पाणी कमी आणि हवा कोरडी, अशा दिवसांत झाड स्वतःच पाने गाळून पाण्याचा खर्च वाचवते. फुलदाणीतल्या गुलाबाला पाने गाळता येत नाहीत, ती आपण काढावी लागतात. पाण्याखाली येणारी सगळी पाने काढायची, वर तीन-चार ठेवायची. काटे मात्र ओरबाडून काढू नयेत. प्रत्येक काट्याच्या जागी जखम होते आणि तिथून जिवाणू आत जातात. मी फुलांना 'वारा लागावा' म्हणून पंखा लावला होता. कोरड्या हवेत पंखा म्हणजे पाने वाळवण्याचे यंत्रच. कूलरच्या खोलीत हवा गार आणि ओलसर असते, ती गुलाबाला मानवते. पण कूलरच्या तोंडासमोर फुलदाणी ठेवू नये. चाचांच्या घरी कूलरही नव्हता. पण माठ होता. माठातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि भोवतालची हवा थोडी गार होते. माठाजवळचा, उन्ह न येणारा कोपरा फुलांसाठी ठरला. रात्री फुलांवर ओला पातळ रुमाल हलकेच झाकायचा, हेही ठरले.

राहिली आंब्यांची पेटी. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नसतो. 1901 साली दिमित्री नेल्युबोव या रशियन संशोधकाने दाखवून दिले, की दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कोळशाच्या वायूमुळे रोपे वेडीवाकडी वाढतात, त्याला हाच इथिलीन कारण आहे. पुढे कळले, की फळे स्वतःच तो तयार करतात. आंब्याची आढी घातली, की एक आंबा पिकून बाकीच्यांना पिकवतो, तो यामुळे. फळाला पिकवणारा हा वायू फुलाला म्हातारे करतो. सगळे गुलाब त्याला सारखेच बळी पडत नाहीत, पण काही जातींच्या पाकळ्या त्यामुळे लवकर गळतात. तेव्हा मे महिन्यात घरात आढी असेल, तर गुलाब दुसऱ्या खोलीत ठेवावेत. केळी आणि गुलाब एकाच टेबलावर सजवू नयेत. चित्रात ते छान दिसते, एवढेच.

तुमच्यापैकी कोणी अहेरीचे असेल, सिरोंच्याचे असेल. तिथे फुले न्यायची म्हणजे एस. टी. चा लांबचा प्रवास. अशा वेळी दांड्यांच्या टोकांना ओला कापूस गुंडाळावा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी आणि सगळा गुच्छ ओलसर कागदात आडवा ठेवावा. खिडकीजवळ नको. पोहोचल्यावर आधी चहा नाही, आधी दांडे कापायचे.

एक सांगायचे राहिले. अंगणातला गावठी गुलाब, ज्याचा वास घरभर दरवळतो, तो फुलदाणीसाठी नाही. सकाळी उमलतो आणि लवकरच पाकळ्या टाकू लागतो. कितीही लिंबू-साखर दिली तरी तो ऐकत नाही. त्याला पसरट वाडग्यात पाण्यावर तरंगत ठेवावे, एक दिवस डोळे भरून पाहावे. बाजारातल्या लांब दांड्यांच्या गुलाबाला टिकाऊपणा असतो, पण त्यातल्या बहुतेकांना वास बेताचाच. दोन्ही एकाच फुलात क्वचित सापडते.

चाचा गेल्यावर पाचव्या दिवशी त्यांचा नातू शाळेत आला. सुट्टी होती, मी निकालपत्रके लिहीत बसलो होतो. "दादांनी विचारलंय, पाकळ्या गळतायत, दादी गुलकंद करायचा म्हणते, करू का?" मी घाईघाईने नाही म्हटले. बाजारच्या गुलाबांवर कीटकनाशके फवारलेली असतात. त्यांच्या पाकळ्या खाण्यासाठी वापरायच्या नाहीत, गुलकंद अंगणातल्या न फवारलेल्या गुलाबाचाच करायचा. मुलगा हिरमुसला. मी विचारले, "किती फुले राहिली?"

"नऊ," तो म्हणाला. "आणि सर, लिंबाचे दोन चमचे म्हणजे कोणते चमचे, चहाचे की जेवणाचे? दादा विसरले."

मी त्याला कागदावर लिहून दिले.